कडेचा फोटो मागा, मग बघा: ऑनलाइन जुनी नाणी विकणाऱ्या पाच जणांचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, हा एका दुकानाचा रिव्ह्यू नाहीये, पाच ठिकाणांचा आहे, आणि त्यातल्या पहिल्याच ठिकाणी माझे ३८०० रुपये गेलेत त्यामुळे लिहिताना थोडा चिडलेला आहे. नावं कोणाचीच देत नाही. एक तर हे लोक दर दोन महिन्यांनी नाव बदलतात, आणि दुसरं म्हणजे मला या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नाहीयेत.

मी नाशिकचा, एका पतसंस्थेत कॅशियर. खोटी नोट माझ्या बोटाला कळते, बघावी पण लागत नाही, आणि नेमका हाच माज नडला. नोट हातात येते हो. ऑनलाइन नाणं हातात येत नाही, फोटोत येतं, आणि फोटोत काय दाखवायचं ते समोरचा ठरवतो.

मला हवं होतं नहपानाचं नाणं, चांदीचं. नहपानच का, तर तो आमचा गाववालाच म्हणायचा जवळजवळ. म्हणजे होता शक, क्षहरात घराण्यातला क्षत्रप (शक राजांची पदवी), पण त्याचा जावई उषवदात याचा लेख पांडवलेणीत दहा नंबरच्या लेण्यात आहे. मी दर रविवारी सकाळी गुडघ्यांची परीक्षा बघायला तिथे चढतो. आणि त्या लेखात काय आहे माहितीये? चक्क मुदत ठेव! तीन हजार कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, भिक्षूंसाठी कायमची ठेवली, त्यातली दोन हजार कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने आणि उरलेली हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने, आणि वर स्पष्ट लिहिलंय की मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज खायचं. पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, असा भावसुद्धा दिलाय. आमच्या पतसंस्थेचा ठेवीचा फॉर्म याच्यापेक्षा जास्त किचकट आहे.

तर पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने या नहपानाचा पाडाव केला आणि त्याची नाणी गोळा करून त्यांच्यावर स्वतःचा ठसा मारला. १९०६ साली इथे जवळच जोगलथेंबीला चांदीच्या नाण्यांचा साठा (विकणारे त्याला होर्ड म्हणतात) सापडला, तेरा हजारांच्या वर नाणी, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा. एका बाजूला नहपानाचा चेहरा आणि त्याच्या डोक्यावरच तीन कमानींचा चैत्य, म्हणजे कमानींच्या डोंगरासारखं चिन्ह, ठोकलेला, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्रावर उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना गोळे असलेली फुली. हरलेल्या राजाच्या तोंडावर जिंकलेल्याचा शिक्का, याच्याइतकं बोलकं नाणं मला तरी दुसरं माहीत नाही. तेच पाहिजे होतं.

पहिलं ठिकाण, फेसबुकवरचा एक ग्रुप. अठरा हजार मेंबर, रोज पन्नास-साठ पोस्ट, ॲडमिन कोण ते कोणालाच माहीत नाही. एकाने टाकलेलं, 'जोगलथेंबी होर्ड, नहपान-गौतमीपुत्र, १००% ओरिजिनल, गॅरंटी लाइफटाइम'. मी विचारलं केवढ्याला, तर म्हणाला दादा तुमच्यासाठी ४५००, तुम्ही नाशिकचे म्हणून. मी ३५०० म्हटलं, ३८०० वर आलं. फोटो दोनच, पुढून आणि मागून, काळ्या मखमलीवर ठेवून वरून काढलेले. मी म्हटलं वजन किती, तर म्हणे दादा जुन्या नाण्याचं वजन झिजून कमी-जास्त होतंच. म्हटलं बरोबर आहे. आता मागे वळून बघतो तर मला तिथेच थांबायला पाहिजे होतं, वजन किती या प्रश्नाचं उत्तर आकड्यात असतं, प्रवचनात नसतं. पण तेवढ्यात त्याने सोडलं की पुण्याचे एक सर पण मागतायत, संध्याकाळी पेमेंट करणार आहेत. झालं. यूपीआय केलं, तेही कुठल्या तरी बाईच्या नावावर गेलं, म्हणे वहिनीचं अकाउंट.

पार्सल मात्र चार दिवसांत आलं, पॅकिंग झकास, बबल रॅप काय, छोटी प्लास्टिकची डबी काय, सोबत रंगीत छापलेलं सर्टिफिकेट आणि त्यावर चमकणारा होलोग्राम. हातात घेतलं आणि पोटात गोळा आला. काय चुकतंय ते लगेच सांगता येईना, पण नाण्याला जो एक कडकपणा असतो ना तो नव्हता. सगळंच साबणाच्या झिजलेल्या वडीसारखं मऊ. चेहरा मऊ, चैत्य मऊ. आणि इथे थोडं थांबून सांगतो कारण मला हे फार उशिरा कळलं. खऱ्या पुनर्मुद्रित, म्हणजे जुन्यावरच पुन्हा ठोकलेल्या (रिस्ट्राइक) नाण्यात खालचा ठसा चेपलेला असतो आणि वरचा ठसा त्याला कापून गेलेला असतो, म्हणजे एक आधीचा आणि एक नंतरचा हे भिंगातून स्वच्छ दिसतं. माझ्या नाण्यात दोन्ही एकाच पातळीवर, एकाच वेळी जन्मल्यासारखे. म्हणजे कोणीतरी खऱ्या नाण्याचा साचा घेतला आणि त्यात धातू ओतला. ओतीव माल.

मग कड बघितली. कडेला अख्ख्या गोलाला कानशीचे बारीक आडवे ओरखडे, साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथली शिवण घासून काढलेली. हातोड्याने ठोकलेल्या नाण्याची कड अशी नसते, दाबामुळे बारीक बारीक चिरा गेलेल्या असतात, टोकदार, आत घुसलेल्या. ओतीव नाण्यात चीर असली तरी तिचा तळ गोलसर बुजलेला असतो. दहापटीच्या भिंगातून चेहऱ्याच्या नाकाशेजारी एक खड्डा दिसला, मोहरीच्या दाण्याच्या निम्मा, आतून गुळगुळीत, हवेचा बुडबुडा अडकून झालेला. या खड्ड्याचं नंतर काम आहे, लक्षात ठेवा.

तरी मन मानत नाही ना. तीन हजार आठशे गेलेत म्हटल्यावर माणूस नाण्याची वकिली करायला लागतो. म्हणून रात्री स्वयंपाकघरात प्रयोग केला. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा माझ्याकडे आहे, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्याच्यावर मुलीच्या खोकल्याच्या औषधाचा मापाचा कप ठेवला, निम्मा पाणी भरून, आणि काटा शून्यावर आणला. मग नाण्याला शिवणाचा दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही असं हाताने लोंबतं धरलं. आता काटा जे दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याचं कोरडं वजन भागिले हा आकडा, आली घनता. चांदीची १०.५ च्या आसपास, तांब्याची ९ च्या जवळ, शिशाची ११.३.

आधी खात्रीसाठी आजीचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया घेतला. टाकसाळीतून निघताना ११.६६ ग्रॅमचा, माझा झिजून ११.५८ झालाय. पाण्यात १.१२. भागाकार १०.३४. त्या रुपयात चांदी जवळजवळ ९२ टक्के आहे, बाकी तांबं, म्हणजे उत्तर अगदी जिथे यायला पाहिजे तिथे आलं. मग नहपानराव. कोरडे २.४१, पाण्यात ०.२९. भागाकार ८.३१. बायको मागे उभी राहून बघत होती, तिने फक्त विचारलं, अहो मग हे काय आहे? म्हटलं पितळ असेल नाहीतर जर्मन सिल्व्हर. ती म्हणाली, म्हणजे डब्याचा चमचा. आणि झोपायला गेली.

एक खरं, छोट्या नाण्यात ही चाचणी थोडी नाचते. दोन ग्रॅमच्या नाण्यात ०.०१ इकडचं तिकडे झालं तर उत्तर अर्ध्या अंकाने हलतं. म्हणून मी पाच वेळा केली. पाचही वेळा साडेआठच्या आत. साडेआठ आणि साडेदहा यात गल्लत व्हायला नाणं नाही, माणूस हललेला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्याला मेसेज केला. आधी म्हणे दादा गैरसमज होतोय, मग म्हणे तुमचा काटा खराब आहे, मग म्हणे क्षत्रपांच्या चांदीत भेसळ असायचीच, हे वाक्य अर्धं खरं आहे म्हणून मी अर्धा तास शांत बसलो. शेवटी ब्लॉक. पण त्याआधी मी त्याच्या जुन्या पोस्ट खालपर्यंत चाळल्या आणि दीड महिन्यापूर्वीच्या पोस्टमध्ये माझंच नाणं सापडलं. तोच चेहरा, तोच चैत्य त्याच कोनात, कडेला तेच तुटलेलं टोक आणि नाकाशेजारी तोच खड्डा. खाली लिहिलेलं 'सोल्ड, थँक यू सर'. आता एकाच ठशाने ठोकलेली दोन नाणी असू शकतात, नक्कीच असतात. पण हाताने ठोकताना ठसा दरवेळी थोडा इकडेतिकडे बसतो, चांदीचा तुकडा दरवेळी वेगळा फाटतो. ठसाही सेम, त्याची जागाही सेम, कडेची चीरही सेम आणि खड्डाही सेम, असं फक्त साच्यातून होतं. रेटिंग, एक स्टार, आणि तोही पॅकिंगला.

यानंतर मी शहाणा झालो असं नाही, पण एक सवय लावून घेतली. कोणीही असो, पहिला मेसेज एकच, कॉपी करून ठेवलाय. 'वजन ग्रॅममध्ये, कडेचा क्लोजअप किंवा नाणं बोटांत फिरवतानाचा व्हिडिओ, आणि हे तुमच्याकडे कुठून आलं ते, एवढं पाठवाल का.' बस. पुढचे चार रिव्ह्यू हे खरं तर नाण्यांचे नाहीतच, या एका मेसेजला कोण काय उत्तर देतं त्याचे आहेत.

दुसरं ठिकाण, मोठं शॉपिंग ॲप, जिथे आपण साबण आणि मोबाईलची कव्हरं मागवतो तेच. तिथे 'शिवराय होन सोन्याचं प्राचीन नाणं १६७४ ओरिजिनल' १४९ रुपयांना, त्यावर आणखी दहा टक्के सूट. नाण्यावर इंग्रजी आकड्यांत १६७४ छापलेलं! अरे, खऱ्या होनावर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', सालबिल काही नाही. आणि साल घालायचंच असतं तर शके घातलं असतं, राज्याभिषेक शके १५९६ चा, इसवी सन रायगडावर कोण मोजत होतं? खरे होन आज फार थोडे माहीत आहेत, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सोनं, नुसत्या सोन्याची किंमत धरली तरी १४९ मध्ये त्याची पूड पण येणार नाही. माझा मेसेज टाकला तर बॉटचं उत्तर आलं, 'आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'. मग वर्णनात अगदी खाली, पार धुण्याच्या सूचना असतात तिथे, बारीक अक्षरात सापडलं, मटेरियल ब्रास, युज डेकोरेटिव्ह.

यांच्यावर मी फार चिडत नाही खरं तर. १४९ ला देव्हाऱ्यात ठेवायला कोणी घेत असेल तर घेऊ दे, रायगडावर पण असे होन मिळतातच की. पण रिव्ह्यू वाचा त्याच्याखालचे. 'आजोबांना वाढदिवसाला दिलं, खूप भावुक झाले, खरं सोनं आहे ना?' एकोणीस लोकांनी हेल्पफुल केलंय. आणि त्याच दुकानात ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं एक आण्याचं नाणं, मारुती किंवा रामदरबार छापलेलं. कंपनीने असं नाणं कधीच पाडलेलं नाही. यातल्या पुष्कळांवर तर 'यूकेएल' असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे काय ते छापणाऱ्यालाच ठाऊक. १६१६, १७१७, १८१८, सालं पण कशी ओळीने लक्षात राहणारी. दोन स्टार, कारण रिटर्न घेतात, प्रश्न न विचारता.

तिसरं ठिकाण रील्सवालं. ही नवीन साथ आहे. शेतात एक माणूस कुदळ मारतोय, ठणकन आवाज, मडकं, मडक्यात चिखलात माखलेली नाणी, मागे ढोलताशा, आणि कॅप्शन 'आत्ताच सापडलं, इच्छुकांनी डीएम करा'. मी ते रील थांबवून थांबवून बघितलं. मडक्याच्या बाहेर ओला चिखल, आत पण ओला चिखल, आणि नाणी पुसली की खाली लख्ख. जमिनीत शेकडो वर्षं पडलेलं तांबं असं निघतच नाही, त्याच्यावर कीट चढून ते दगडासारखं होतं, एकमेकांना चिकटतात, ॲसिडने खाल्ल्यासारखे खड्डे पडतात. शिसं असेल तर पांढरट राखाडी थर येतो. सातवाहनांची म्हणून शिशाची नाणी विकतात त्यांच्यावर पोपटी हिरवा रंग दिसला की मी पुढे जातो, हिरवं होणं हे तांब्याचं काम, शिशाचं नाही. कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासलं की असला हिरवा बऱ्याचदा बोळ्यावर येतो. चांदी काळी करायला तर एका डबीत उकडलेलं अंडं पुरतं, त्यातल्या गंधकाने एका रात्रीत दोन हजार वर्षं चढतात.

मी मेसेज केला. वजन, कड, कुठून आलं. उत्तर, 'भाऊ शेतातून आलं रील बघा ना'. म्हटलं मग कलेक्टरला कळवलं का? कारण जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं असा कायदा १८७८ पासून आहे, इंग्रजांनी केला आणि अजून चालू आहे. म्हणजे शेतातून आलं हे खोटं असेल तर नाणं खोटं, आणि खरं असेल तर विकत घेणारा पण पोलिसांच्या जबाबात. दोन्हीकडून घ्यायचं नाहीच. त्याचं उत्तर आलं, 'भाऊ तुम्ही पोलिस आहे का'. मग अकाउंट गायब. शून्य स्टार, पण ढोलताशा चांगला होता.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण काउंटरवर बसून मी रोज बघतो. लोक पाच रुपयाची ट्रॅक्टरवाली जुनी नोट, वैष्णोदेवीचं पाच-दहाचं नाणं घेऊन येतात आणि विचारतात साहेब याचे दहा लाख कुठे मिळतात, व्हिडिओत दाखवलंय. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ सालचं आहे, अजून चलनात आहे, दहाच्या नाण्याचे दहाच रुपये मिळतात. एका आजींना एका 'खरेदीदाराने' सांगितलेलं की आम्ही घेतो पण आधी रिझर्व्ह बँकेची फी म्हणून सात हजार भरा. भरले होते त्यांनी. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात आम्ही नाही आणि आमच्या नावाने फी, कमिशन, टॅक्स घ्यायला कोणालाही परवानगी दिलेली नाही. खरेदीदाराने विकणाऱ्याकडे पैसे मागायचे ही जगातली कुठली रीत? आणि इरिडियम या दुर्मिळ धातूमुळे तांदूळ ओढतं असं सांगून खपवतात ते नाणं, त्याच्यावर तर लिहायलाच नको. तांदूळ चिकटायला नाण्याला लोहचुंबक आणि तांदळात लोखंडाचा कीस लागतो, इरिडियम नाही. त्यापायी लोकांनी जमिनी विकल्यात.

असो. चौथं ठिकाण, लिलाववाले. यांचा नीट छापील कॅटलॉग असतो, प्रत्येक नाण्याला लॉट नंबर, वजन दोन दशांशांपर्यंत, दोन्ही बाजूंचे मोठे फोटो, स्थिती, आणि दुर्मिळ असेल तर कुठल्या जुन्या संग्रहातलं ते पण. माझा मेसेज गेला, दोन दिवसांनी उत्तर आलं, रुक्ष, नमस्कार नाही की चमत्कार नाही, पण आलं काय? कडेचे तीन फोटो आणि खाली वजन २.११. लिलाव होण्याआधी जाऊन हातात घेऊन बघता येतं असंही लिहिलेलं. मला एवढंच हवं होतं. बोली लावली, माझी मर्यादा ओलांडून कोणीतरी वर गेलं, आणि बरंच झालं म्हणायचं कारण बोलीच्या वर लिलाववाल्यांचं कमिशन, म्हणजे प्रीमियम, आणि त्यावर जीएसटी हे गणित मी केलंच नव्हतं, घरी जेवताना कळलं असतं. नवख्या माणसाने पहिल्या दोन-तीन लिलावांत बोली लावूच नये, नुसतं बघावं, कुठलं नाणं शेवटी केवढ्याला गेलं ते वहीत लिहावं, म्हणजे नंतर कोणी 'स्वस्तात देतो दादा' म्हटलं की स्वस्त म्हणजे किती ते आपल्याला माहीत असतं. चार स्टार. एक कापला तो वेबसाइटचा, मोबाईलवर उघडली की बटणं एकमेकांवर चढतात.

पाचवं ठिकाण मुंबईचे एक जुने व्यापारी. वेबसाइट अशी की २००५ साली केली आणि मग विसरले. मेसेजला उत्तर व्हॉट्सॲपवर, व्हॉइस नोट, मागे लोकलची अनाउन्समेंट. 'साहेब, कड पाठवतो, वजन दोन शून्य सहा आहे. पण एक सांगतो, तुम्ही रिस्ट्राइक म्हणून विचारताय, ते मला रिस्ट्राइक वाटत नाही. साधं नहपान आहे, वर जे दिसतंय ते घासलं गेलंय. रिस्ट्राइक समजून घेऊ नका, नंतर मला बोलाल.' मी ती व्हॉइस नोट तीन वेळा ऐकली. विकायला बसलेला माणूस स्वतःहून आपल्या मालाची किंमत कमी करतोय, हे मला सराफ बाजारातसुद्धा क्वचित दिसलंय. मग व्हिडिओ आला, नाणं दोन बोटांत धरून सावकाश फिरवलेलं, कडेला तीन तडे, एक चांगला आतपर्यंत गेलेला. कुठून आलं विचारलं तर जुन्या पाकिटाचा फोटो, त्यावर शाईने लिहिलेलं वजन आणि एक नंबर, म्हणाले एका डॉक्टरांच्या संग्रहातलं आहे, त्यांच्या मुलाकडून रीतसर घेतलं, बिल देतो. त्यांच्याकडे पुरावस्तू विकायचा परवाना पण होता. १९७२ चा कायदा आहे, शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तूत मोडतं, आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. हे विचारायला लाज वाटते आपल्याला, विचारायचं. ज्याच्याकडे असतो त्याला राग येत नाही.

३२०० ला घेतलं. पैसे दुकानाच्या नावावर गेले, वहिनीच्या नाही. त्यांनी स्वतःच सांगितलं की आठवड्यात कोणालाही दाखवा, पटलं नाही तर परत. घरी आल्यावर तोच कप, तोच दोरा. २.०६, पाण्यात ०.२०. १०.३. मी काही बोललो नाही, बायकोने विचारलं, चमचा का? म्हटलं नाही.

याच बाबतीत आणखी एक, माझा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याला पण नाद लागलाय. त्याला इकडच्या एका विक्रेत्याने सांगितलं, वर्ल्डवाइड शिपिंग आहे, पार्सलवर 'शर्टाची बटणं' लिहितो, काळजी करू नका. त्याला म्हटलं बाबा तिकडच्या तिकडेच घे काय घ्यायचं ते. शंभर वर्षांवरचं नाणं खासगी माणसाला भारताबाहेर पाठवता येतच नाही, आणि जो सरकारला बटणं सांगतो तो तुला नाणं सांगताना खरं का बोलेल? त्याला दुसरं एक आवडलेलं, प्लास्टिकच्या सीलबंद डबीतलं, ग्रेडिंग केलेलं (म्हणजे खरेपणा आणि स्थिती तपासून दर्जा दिलेलं), ब्रिटिश काळातलं. त्या डब्या पण खोट्या निघतात, पण तिथे सोय आहे, एनजीसी किंवा पीसीजीएस या ग्रेडिंग कंपन्यांची असेल तर डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकायचा आणि तिथे फोटो असेल तर त्याच्याशी आपलं नाणं जुळवायचं. नुसता नंबर बरोबर निघून चालत नाही, नंबर पण ढापतात. आणि विक्रेत्याचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकायचे, माझ्या एका मित्राने तसं केलं तर फोटो परदेशातल्या चार वर्षांपूर्वीच्या लिलावातले निघाले, विकणारा सोलापूरचा. अशा वेळी चिठ्ठीवर तुमचं नाव लिहून ती नाण्याशेजारी ठेवून फोटो मागा. ज्याच्याकडे नाणं आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे.

आणि क्षत्रपांची नाणी घेणार असाल तर ब्राह्मी अक्षरं थोडी शिकून घ्या, खरंच. त्यांच्या नाण्यांवर राजाचं नाव आणि बहुतेकांवर बापाचं पण नाव असतं, शिवाय पुष्कळांवर डोक्यामागे शक संवताचं साल. विकणारा सांगतो रुद्रसेन आणि वाचलं तर भर्तृदामन निघतो, जो रुद्रसेनाचा मुलगा. हे खोटेपणामुळे असेलच असं नाही, अडाणीपणामुळे पण असतं, पण ज्याला आपलं नाणं वाचता येत नाही त्याची गॅरंटी लाइफटाइम काय कामाची. त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे, मी तिथे आत्तापर्यंत चारदा गेलोय, नुसता काचेसमोर उभा राहतो. खरी जुनी नाणी तासभर बघितली की फोटोतली साबणाची वडी लगेच खटकते, पहिल्या खरेदीच्या आधी गेलो असतो तर पेट्रोलचे शंभर रुपये लागले असते.

मुंबईवाल्यांना पाच स्टार. रिस्ट्राइक अजून मिळालेलं नाही, त्यांनी सांगितलंय आलं की कळवतो, घाई करू नका.

हे लिहून झालं आणि सवयीने फेसबुक उघडलं. नवीन ग्रुप, नवीन नाव, प्रोफाइलला गणपतीचा फोटो. काळी मखमल. जोगलथेंबी होर्ड, १००% ओरिजिनल, गॅरंटी लाइफटाइम, ४२००. झूम केलं. नाकाशेजारी खड्डा. खाली तीन जणांनी विचारलंय अव्हेलेबल आहे का. मी कमेंटमध्ये लिहिलं, वजन आणि कडेचा फोटो पाठवाल का. आठ मिनिटांत कमेंट डिलीट झाली.